पडण्याची सोय

महाराष्ट्राने शतकानुशतकं एका गोष्टीवर अतोनात खर्च केला आहे: कोणालाही भिंत चढता येऊ नये, यावर. कडे तासले, तटांना बुरूज जोडले, दरवाजे वळणांआड असे लपवले की हत्तीला धडक द्यायला दोन पावलं धावही घेता येऊ नये. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी कोजागरीला दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून घरी गेली, असं सांगतात. महाराजांनी साडीचोळी देऊन तिचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. या गोष्टीचा पहिला भाग आपण मुलांना डोळ्यांत पाणी आणून सांगतो. दुसरा भाग शुद्ध प्रशासकीय आहे. कौतुक कौतुकाच्या जागी, वाट बंद.

त्याच महाराष्ट्रात आता तिसऱ्या मजल्यावर राहणारी माणसं पदरचे पैसे घालून घरात चढण्याजोगी भिंत बांधावी का, याचा विचार करतात. आमच्याकडे हा विचार नववीतल्या मुलीने आणला. ती शहरातल्या सार्वजनिक भिंतीवर प्रस्तरारोहण शिकते. तिच्या बोटांना घट्टे पडलेत आणि तिचं बोलणं आम्हाला निम्मंच कळतं. जेवताना ती 'क्रिम्प', 'स्लोपर', 'हील हुक' असं काहीबाही बोलते आणि आजी तिला आणखी भात वाढते.

घरी भिंत बांधायची का, एवढाच प्रश्न होता. पण मराठी घरात एखाद्या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हटलं तर त्या प्रश्नाचा मान राखला जात नाही. त्यामुळे चर्चा सुरू झाली.

"सिंहगड आहे की," हे पहिलं वाक्य. पुण्यात कुठल्याही शारीरिक हालचालीचा विषय निघाला की हे वाक्य येतं, आणि ते बोलणारा स्वतः गडावर गाडीने जाऊन पिठलं-भाकरी खाऊन आलेला असतो. तरी मुद्दा खोटा नाही. सह्याद्रीत बेसाल्टच्या कड्यांना तोटा नाही. जीवधनला खेटून वानरलिंगीचा सुळका उभा आहे, खंडाळ्याला नागफणी आहे, हरिश्चंद्रगडाला कोकणकडा आहे. अडचण कड्यांची नाही, कॅलेंडरची आहे. जून ते सप्टेंबर दगडावर शेवाळ. एप्रिल-मे दगड तव्यावर ठेवल्यागत तापलेला. चांगला मोसम थंडीचा, आणि थंडीतल्या रविवारी एक तर क्लासची टेस्ट असते नाही तर कोणाचं तरी लग्न. उरल्यासुरल्या रविवारी नेमक्या त्या कड्यावर आग्यामोहोळ बसलेलं असतं.

"तानाजी मालुसऱ्यांनी काय घरी भिंत बांधून प्रॅक्टिस केली होती?" आईने विचारलं.

"त्यांच्याकडे घोरपड होती, आजी."

घोरपडीची गोष्ट इतिहासकारांनी कितीही वेळा खोडून काढली असली, तरी या युक्तिवादापुढे आईला माघार घ्यावी लागली. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर जे झालं ते सरावाशिवाय झालं, असं म्हणायलाही तिची जीभ रेटेना.

खरं तर चढायची भिंत जन्माला आली तीच हवामानाच्या कटकटीतून. इंग्लंडमध्ये डोंगर चढायला निघावं तर पाऊस. तेव्हा लीड्स विद्यापीठातले व्यायामशिक्षक डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ मध्ये विद्यापीठातल्याच एका बोळाच्या भिंतीत दगड बसवले आणि मुलांना म्हणाले, चढा. आपल्याकडे बोळाच्या भिंतीत दगड बसवला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला शेंदूर लागला असता, तिसऱ्या दिवशी नारळ फुटला असता, आणि त्यावर पाय ठेवणाऱ्याची धडगत नव्हती. तिकडे मात्र त्यातून खेळ निघाला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. २०१६ आणि २०१७ मध्ये तर बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतली एकेक स्पर्धा आपल्या नवी मुंबईत झाली. पॅरिसला २०२४ मध्ये इंडोनेशियाच्या वेड्रिक लिओनार्डोने १५ मीटरची भिंत ४.७५ सेकंदांत चढून सुवर्णपदक घेतलं. १५ मीटर म्हणजे पाच मजले. आमच्या लिफ्टचं तेवढ्या वेळात 'कृपया दरवाजा बंद करें' एवढंच म्हणून होतं.

हे सगळं मुलीने बाबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाइलवर दाखवलं. त्यांनी ते तीनदा पाहिलं आणि म्हणाले, "घाई कसली एवढी?"

इथपर्यंत चर्चा तत्त्वाची होती, म्हणून सोपी होती. मग मापं निघाली.

घरगुती भिंतींच्या दुनियेत मूनबोर्ड नावाचं एक प्रकरण आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या बेन मून या नामांकित आरोहकाच्या नावाचं. प्लायवूडची फळी, उभ्यापासून ४० अंश आपल्या अंगावर झुकलेली. तिच्यावर ११ उभ्या रांगा, १८ आडव्या, एकूण १९८ भोकं, दोन भोकांमध्ये २० सेंटिमीटर. प्रत्येक होल्ड, म्हणजे हात-पाय रोवायचा उंचवटा, कुठल्या भोकात आणि कुठल्या दिशेला तोंड करून बसवायचा हे ठरलेलं, त्यामुळे शेफिल्डमध्ये कोणी रचलेली चढाई पुण्यात जशीच्या तशी करता येते. फोनवर चढाई निवडली की धरायच्या होल्डपाशी दिवे लागतात. कल्पना झकास आहे. फक्त तिची उंची ३.१५ मीटर, म्हणजे सव्वादहा फुटांच्याही वर, आणि भिंतीसाठी धरलेल्या आमच्या पाहुण्यांच्या खोलीची उंची साडेनऊ फूट. शेवटचे होल्ड चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या पलंगाखाली निघत होते.

बरं, उंची कापू. तरी झुकावाचं गणित कापता येत नाही. ४० अंशांची भिंत साडेनऊ फुटांच्या छतापर्यंत नेली तर तिची वरची कड मागच्या भिंतीपासून सुमारे आठ फूट पुढे येते. खोली दहा बाय अकरा. भिंत खोलीत असणार की खोली भिंतीत, असा प्रश्न उभा राहिला. शिवाय एवढं करून वर पोचल्यावर काय, तर पंखा. सिंहगड चढून गेलं की मडक्यातलं दही मिळतं. घरची भिंत चढून गेलं की पाचवर फिरणारा पंखा.

यूट्यूबवरच्या अमेरिकन माणसाला या अडचणी येत नाहीत, कारण त्याच्याकडे गॅरेज असतं. गाडी बाहेर पावसात उभी करून तो गॅरेजमध्ये छंद जोपासतो. २०२०च्या टाळेबंदीत क्लाइंबिंग जिम बंद पडल्या तेव्हा तिकडे ठिकठिकाणी गॅरेजांमधून अशा भिंती उभ्या राहिल्या. आपल्याकडे गाडी बाहेर ठेवली तर तिची काळजी, आणि आत ठेवायची जागा म्हणजे पार्किंगमधली दोन खांबांमधली पट्टी. तिथे शेजाऱ्यांची बंद पडलेली स्कूटर गेली दहा वर्षं गंजते आहे. ती हलवायची गोष्ट काढणं हे प्रस्तरारोहणापेक्षा धोक्याचं काम आहे.

मग आमच्याच सोसायटीतल्या एका निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअरांना बोलावलं. त्यांनी भिंतीवर तीन ठिकाणी बोटाच्या पेरांनी टकटक केलं, चहा घेतला आणि निकाल दिला: "ही साडेचार इंची विटेची आहे. हिच्यावर कॅलेंडर टांगा, माणसं टांगू नका." दोन बेडरूममधली भिंत ही इमारतीचं ओझं पेलत नाही, नुसती आडोसा म्हणून उभी असते. ओझं कॉलम-बीम पेलतात. नव्या इमारतींत वीटही नसते, हलके ब्लॉक असतात, त्यांत साधा खिळा मारला तरी भुगा पडतो. चढणारा माणूस नुसता लटकत नाही, तो हिसके देतो, झेप घेतो, आणि हा सगळा हिसका शेवटी चार-सहा बोल्टवर येतो. म्हणून घरात भिंत करायची तर तिने स्वतःच्या पायांवर उभं राहायचं, लोखंडी नाही तर लाकडी चौकट करून.

"आणि स्लॅब?" बायकोने विचारलं.

"राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला दोनेकशे किलोंचा वावर धरून केलेला असतो. तसं गणित बसेल. पण माणसं वरून धपाधप उड्या मारणार म्हटल्यावर..."

"म्हणजे मंगळागौरीला याच स्लॅबवर वीस बायका फुगड्या घालतात, पिंगा घालतात, तेव्हा कुठे असतं हे गणित?" आई म्हणाली.

इंजिनिअर गप्प झाले. भारतीय मानक ब्यूरोने मंगळागौरीसाठी वेगळी तरतूद केली आहे की नाही, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी दुसरा चहा घेतला.

मिस्त्रींचं प्रकरण सगळ्यांत नाजूक होतं. मिस्त्री आमच्याकडे अनेक वर्षं काम करतात. त्यांच्या पिशवीत ओळंबा असतो, पितळेचा, दोरी काळी पडलेली. कुठलंही काम सुरू करण्याआधी ते तो भिंतीला लावतात, एक डोळा मिटतात आणि गोळा हलायचा थांबेपर्यंत श्वास धरून उभे राहतात. त्यांना मी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी कागद फिरवून पाहिला, उलटा धरून पाहिला.

"साहेब, भिंत तर ओळंब्यात आहे. चांगली आहे. तिरकी कशाला करायची?"

"तिरकीच पाहिजे. अशी, अंगावर आलेली."

"मागच्या बाजूला झुकवू. टेकून उभं राहता येईल."

"नाही, पुढेच पाहिजे."

मिस्त्री बराच वेळ ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत बसले. शेवटी म्हणाले, "करून देतो. पण कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नका. लोक म्हणतील मिस्त्रीने काम बिघडवलं."

पुढे ते थोडे रुळले. भोकांचं ऐकल्यावर पुन्हा अस्वस्थ झाले. अठरा-एकोणीस एमएमचा, पाण्याने न सुटणारा, आठ बाय चारचा कोरा प्लाय आणायचा आणि त्यात भोकंच भोकं पाडायची, हे कुठल्याही सुताराला पटणारं नाही. त्यांनी वरून सनमायका लावायचा आग्रह धरला, कडेने लिपिंग पट्टी मारायची तयारी दाखवली. मग चित्रावर बोट ठेवून हळूच म्हणाले, "साहेब, ही तिरकी झाली की मागे एवढी जागा रिकामी राहते. इथे स्टोरेज काढू?"

'स्टोरेज' म्हटल्यावर खोलीतली हवाच बदलली. मघापासून विरोधात बसलेली आई पुढे सरकली. वर्षाच्या गव्हाची कोठी मागे बसेल का, तिने विचारलं. बायकोला प्रवासाच्या बॅगा आठवल्या. बाबांना गणपतीचं मखर आठवलं. आमच्या घरात भिंतीला पहिल्यांदाच स्पष्ट बहुमत मिळालं, फक्त ते सगळं मागच्या बाजूला होतं. पुढून तिच्यावर कोण चढतं याच्याशी मतदारांना कर्तव्य नव्हतं.

या बहुमताला मुलीनेच सुरुंग लावला. होल्ड प्लायवूडला कसे बसतात, ते तिने समजावून सांगितलं. प्लायच्या मागून प्रत्येक भोकात टी-नट ठोकतात, चार दातांचा, दात लाकडात रुतून बसतात. पुढून दहा एमएमचा बोल्ट अॅलन कीने पिळला की होल्ड पक्का. पण कधी ना कधी एखाद्या नटचे दात सुटतात आणि तो बोल्टबरोबर गरागरा फिरायला लागतो. तेव्हा मागे जाऊन त्याला धरावंच लागतं. मागे गव्हाची कोठी, तिच्यावर बॅगा, त्यांच्यावर मखर, आणि त्यापलीकडे फिरणारा नट. "दर वेळी गौरी-गणपतीपर्यंत थांबायचं का?" तिने विचारलं. आई पुन्हा विरोधी बाकांवर जाऊन बसली.

टी-नट मिळवणं हीसुद्धा एक चढाईच निघाली. हार्डवेअरच्या दुकानात मालकांनी विचारलं, "कशाला पाहिजे?" आपल्याकडे दुकानदार वस्तू देण्याआधी तिचा हेतू तपासतो. मी सांगितलं. ते म्हणाले, "त्याला टी-नट नाही लागत, त्याला रावळप्लग लागतो." मी म्हटलं, माणूस लटकणार आहे. ते म्हणाले, "मग मोठा रावळप्लग." मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने अँकर फास्टनर सुचवला, त्याच्या मागच्याने एक सिमेंट. मी पाव किलो खिळे घेऊन बाहेर पडलो, कारण इतक्या चर्चेनंतर काहीच न घेणं बरं दिसलं नसतं.

चॉकचा विषय घरकामाच्या मावशींनी निकालात काढला. चढणारे बोटांचा घाम टिपायला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावतात. ही सवय १९५०च्या दशकात जॉन गिल या अमेरिकन जिम्नॅस्टने कसरतीच्या आखाड्यातून दगडांवर आणली. तिथून ती जगभर पसरली, आणि आता आमच्या पाहुण्यांच्या खोलीत पसरणार होती. मुलीने नमुना म्हणून हात चोळून टाळी वाजवली. ढग झाला. मावशी झाडू टेकवून उभ्या राहिल्या, ढग खाली बसेपर्यंत बघत राहिल्या आणि बायकोला म्हणाल्या, "ताई, हे रोजचं असेल तर त्याचे पैसे वेगळे. ओल्या फडक्याने पुसलं तर लादीवर चुना लावल्यासारखं होतंय." खर्चाच्या यादीतला हा पहिला आकडा, ज्यावर घासाघीस झाली नाही.

दरम्यान बाबांनी पर्याय मांडला. तरुणपणी ते मल्लखांब करायचे. बाळंभट दादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हा खेळ नावारूपाला आणला तेव्हा ना प्लायवूड होतं ना अॅप. "एक चांगलं लाकूड, एक खड्डा, थोडं एरंडेल. संपला खर्च." त्यांच्या मते चढायच्या जागेला पूड लावून ती सोपी करणं हीच मुळात पळवाट आहे. मल्लखांबवाले लाकडाला तेल लावतात आणि मग चढतात. मुलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आदर दिसला. पण तिसऱ्या मजल्यावर खांब पुरायचा म्हणजे तो दुसऱ्या मजल्याच्या दिवाणखान्यात उगवणार, आणि वरच्या काकूंनंतर खालच्या काकांशीही बोलणं सोडायची आमची तयारी नव्हती.

दुसरा पर्याय हँगबोर्डचा. दाराच्या वर बसवायची खाचांची फळी, बोटांनी लटकायचं, एवढंच. जर्मनीच्या वोल्फगांग ग्युलिशने १९८८ मध्ये न्यूरेंबर्गच्या एका जिममध्ये याहून अघोरी प्रकार केला होता. तिरक्या फळीवर लाकडी पट्ट्या ठोकायच्या आणि पाय न लावता, नुसत्या बोटांवर, पट्टीमागून पट्टी वर जायचं. त्या तयारीवर १९९१ मध्ये त्याने 'अॅक्शन डायरेक्ट' ही तेव्हाची जगातली सर्वांत अवघड चढाई केली. म्हणजे दोन फुटांच्या फळीतही जग जिंकता येतं. आमच्याकडे ती फळी लागायची जागा मात्र एकच, बाहेरच्या दाराच्या वर. तिथे दसऱ्याचं तोरण असतं, त्याखाली गणपतीची टाइल, आणि सगळ्यांत खाली आईचा नियम: उंबरठ्यावर उभं राहायचं नाही, बसायचं नाही. लटकण्याबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही, असं मुलगी म्हणाली. आई म्हणाली, शास्त्र लिहिणाऱ्यांना वाटलंच नसेल कोणी लटकेल.

सोसायटीला अर्ज द्यावा लागला. कमिटीने तो वाचून एकच प्रश्न विचारला: "क्लास काढणार का?" पुण्यात घरात कोणी काही नवीन बांधत असेल तर त्याचा शेवट क्लासमध्ये होतो, हा कमिटीचा अनुभव. क्लास काढणार नाही, असं लिहून दिलं. मग बाहेरची मुलं येणार का, चपला कुठे काढणार, दुपारी एक ते चार आपटण्याचा आवाज येणार का, असे प्रश्न आले. सर्वांत कडक प्रश्न ज्यांनी विचारले त्यांनीच मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "आमचा नातू सहावीत आहे. आठवड्यातून दोनदा आला तर चालेल ना? फी काय ठेवताय?"

इतकं सगळं झालं तरी मूळ गोष्ट कोणी बोललीच नव्हती. तीही मुलीच्या तोंडून बाहेर आली. मी तिला विचारलं होतं, तासाभरात तू किती वेळ भिंतीवर असतेस?

"फार कमी, बाबा. बहुतेक वेळ मी पडत असते. नाही तर पडून बसलेली असते."

बोल्डरिंगमध्ये दोर नसतो. जी चढाई जमते ती पुन्हा करण्यात अर्थ नाही आणि जी करण्यात अर्थ आहे ती जमत नाही, म्हणून माणूस पडतो. सारखा पडतो. पडायचंही तंत्र आहे: गुडघे सैल, दोन्ही पायांवर उतरायचं, मागे लवंडायचं, हात मागे टेकायचे नाहीत, टेकले की मनगट गेलं. आणि खाली सलग जाड फोम पाहिजे, भिंतीच्या वरच्या कडेच्याही पुढे काही फुटांपर्यंत पसरलेला. "गाद्या आहेत की," आई म्हणाली. होत्याच. पाहुण्यांच्या खोलीत कापसाच्या गाद्यांची छताला भिडलेली चळत आहे, आणि ती तिथे असल्यामुळे पाहुणे हॉलमध्ये झोपतात. पण सुट्या गाद्या चालत नाहीत. दोन गाद्यांच्या फटीत नेमका पाय जातो आणि घोटा मुरगळतो. उंचीपेक्षा फट वाईट.

मग मी हिशेब मांडला. चौकट, प्लाय, नट, होल्ड, फोम, मिस्त्रींची मजुरी, सगळं मिळून दीडेक लाख. बऱ्यापैकी सोफा घ्यायला लोक यापेक्षा जास्त देतात. पण हे सगळं ज्यावर उभं राहणार ती दहा बाय अकराची खोली ११० चौरस फुटांची. आमच्या भागात चौरस फुटाचा भाव दहा हजारांच्या आसपास. म्हणजे भिंत दीड लाखाची, आणि पडायची जागा अकरा लाखांची.

आकडा पाहून सगळे गप्प झाले. मला मात्र घराण्याचा इतिहास उलगडल्यासारखं वाटलं. आमच्याकडे वर चढायची सोय पिढ्यान्‌पिढ्या चोख आहे. स्कॉलरशिपचे क्लास, गाइडं, टेस्ट सिरीज, मोठ्या कंपनीत असलेला आत्तेभाऊ, काही कमी नाही. पडण्यासाठी मात्र कोणी कधी चौरस फूटभर जागा राखून ठेवली नाही. जो पडला तो हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर पडला. बारावीला गणितात गेलेल्या माझ्या चुलतभावाची गोष्ट आजही लग्नाच्या पंगतीत निघते, तो आता दोन कारखान्यांचा मालक असूनही.

"जागा तर आहे," बायको म्हणाली. "सामान काढलं तर."

भिंतीचं नंतर बघू, आधी खोली रिकामी करू, असं ठरलं. महिनाभर रिकामी राहिली तर मिस्त्रींना बोलवायचं. काम सोपं नव्हतं. चळतीतल्या अर्ध्या गाद्या गेल्या. शिलाई मशीन गेलं. एक संगणक गेला, ज्याचा मॉनिटर पाठीमागे टीव्हीएवढा फुगीर होता. कोणाच्या तरी मुंजीत आलेले, कागदही न काढलेले सहा लेमन सेट गेले. घासाघीस करता करता भंगारवाल्यालाच आमची दया आली. शेवटी लादी दिसली. तिचा रंग आम्ही विसरलो होतो.

त्या खोलीत आता काहीच नव्हतं, आणि त्यामुळे सगळ्यांना तिथे काम निघू लागलं. बाबा पेपर घेऊन तिथे जमिनीवर आडवे होऊ लागले. त्यांच्या पाठीला ते मानवलं. आईने जपाला तीच खोली धरली. बायकोने चटई अंथरून दार लावून घेतलं. आत योगासनं चालतात असं ती सांगते, आवाज मात्र घोरण्याचा येतो. माझ्या लक्षात आलं की दुपारी तिथे पडलं की कोणी शोधत येत नाही, कारण त्या खोलीत काही आणायला जायचं कारणच उरलेलं नाही.

महिना संपल्यावर मुलीने मिस्त्रींचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. मी तो कापला आणि घरात मतदान घेतलं. भिंतीचा प्रस्ताव चार विरुद्ध एक असा पडला. भिंतीच्या बाजूचं मत कोणाचं, हे सांगायला नको. चौथं विरोधी मत माझं होतं.

मुलीने फारसं मनावर घेतलं नाही. बूट आणि चॉकची पिशवी उचलून ती सार्वजनिक भिंतीकडे निघाली. तिथे फोम सलग आहे, म्हणाली, आणि पडलं की सल्ला देणारी माणसं घरच्यापेक्षा कमी आहेत.

मला आता कोणी घरी भिंत बांधावी का असं विचारलं तर मी प्लाय, नट, अंश यांतलं काही सांगत नाही. म्हणतो, आधी तेवढी खोली महिनाभर रिकामी ठेवून दाखवा. जमलं तर खुशाल बांधा. बहुधा बांधणार नाही, कारण तोवर तुम्ही स्वतःच तिथे आडवे झालेले असाल.